नाचणगावाहून त्रिपोलीची चौकशी

वर्धा सोडलं तेव्हापासून माझं लक्ष परतीच्या गाडीकडे होतं. पुण्याहून इथल्या कॉलेजात इतिहास शिकवायला येऊन वर्ष झालं, तरी या मुलखात माझं मन रमत नव्हतं. नाचणगावच्या वाचनालयाने व्याख्यानाला बोलावलं, म्हणून पुलगावला उतरलो. दमणी (दोन बैलांची हलकी गाडी) उभी होती. दोन्हीकडे कापूस फुटला होता. बैल निवांत चालले होते, मी मात्र सारखा पुढे वाकून रस्ता बघत होतो.

देवळाच्या ओट्यावर मी अल्जीअर्सबद्दल बोललो. दीडशेहून जास्त वर्षांपूर्वी आफ्रिकेच्या उत्तर किनाऱ्यावरच्या अल्जीअर्ससारख्या राज्यांनी अमेरिकेची जहाजं धरली. काही खलाशी दहा वर्षांहून जास्त कैदेत राहिले. शेवटी त्यांना सोडवायला अमेरिकेचा वकील (कॉन्सल) अल्जीअर्सला जाऊन बसला. शहरात प्लेग शिरला, काही कैदी त्यात मेले, पण उरलेले जहाजावर चढेपर्यंत वकील हलला नाही.

बायकांमधून एक पस्तिशीची बाई उठली.

"गुरुजी, त्रिपोली तिथंच हाये काय?"

"त्याच किनाऱ्यावर. का हो?"

"आमच्या घरचे मागच्या जर्मनच्या लढाईत गेलते. तिथं धरले म्हणून कळलं. मंग काईच नाई. त्यायच्यासाठी कोणी गेलं असन काय?"

मी ओट्यावरून उतरून तिच्याकडे गेलो.

तिचं नाव यमुनाबाई. जेवण तिच्याच घरी होतं, गोळाभात (बेसनाचे गोळे घातलेला भात). तिचा दीर शामराव हळू आवाजात म्हणाला, "वैनी दर सणाले दादाचं ताट वाढते. आमी काई बोलत नाई."

"कामठीच्या पलटणीच्या कचेरीत विचारलंत?"

"तिथं आपल्याले कोण वयखते?"

यमुनाबाई दारात उभी होती. "मले जा लागते," ती म्हणाली. "गुरुजी, तुमी संग येता काय?"

विचार करण्याआधीच मी हो म्हणून गेलो.

दुसऱ्या दिवशी कामठीत आम्हाला या टेबलावरून त्या टेबलावर फिरवलं. शेवटी एक म्हातारे सुभेदार बाहेर आले. "बहनजी, बैठ जाइए."

"उभ्यानंच सांगा."

सुभेदारांनी सांगितलं, तिचा नवरा तिकडे कैद्यांच्या छावणीत तापाने गेला होता. खबर पाठवली होती, ती भलत्याच गावी गेली.

"जवळ कोण होतं?" तिने विचारलं.

"उसकी पलटन के लोग थे."

परतीच्या गाडीत तिने शिदोरी सोडली. अर्धी भाकर मला दिली आणि मी खाल्ल्यावरच स्वतः खाल्ली. वर्धा आलं. माझं घर तिथून जवळ होतं, पण मला उतरवेना.

पुलगावला शामराव उभा होता.

"भाऊजी, ते गेले. तिकडंच," ती म्हणाली. "आता त्यायचं क्रियाकर्म करू. गाव जेवाले बोलवा."

शामराव रडू लागला. तिने त्याचा हात धरून त्याला दमणीकडे नेलं.

मी पुढच्या गाडीने वर्ध्याला परतलो आणि कपडेही न बदलता पुस्तकं काढून बसलो. सुटलेल्या खलाशांबद्दल पानंच्या पानं होती. जे प्लेगात तिथेच मेले, त्यांच्या घरी निरोप कोणी नेला, ते मात्र मला कुठेच सापडलं नाही.