दिसतो त्याच्या खाली

"चुकला नाय. वरून गेला."

"वरून गेला म्हंजे चुकलाच ना? का जिताड्याला सांगून ठेवलंय, बाण आला की उडी मार म्हणून?"

"तुलसे, गप ऱ्हा जरा."

"गप ऱ्हाते. उद्या आपल्या लक्ष्मीच्या सासरची मानसं येतील तवा पन गप ऱ्हाते. पानात मीठ वाढते, ते आपल्याकडं मोप हाय."

मिठागराच्या उघाडीशी, भरतीचं पाणी आत घ्यायची फळी असते तिथल्या दगडावर धाकू उकिडवा बसला होता; मागे बायको तुळसा रिकामी टोपली घेऊन उभी. ओहोटी लागली की या डबक्यात मासा अडकतो. दोरी ओढून त्याने बाण परत घेतला. टोकाला नुसता चिखल. सकाळपासूनचा हा पाचवा.

बाळकुमात जिताडा हवा असला की लोक धाकूच्या दारात येत. जाळ्यातला मासा ओरबाडलेला निघतो, धाकूचा एका भोकाचा. बांबूचा कामठा त्याला बापाने दिला, आणि त्याबरोबर एकच अक्कल दिली: पाण्यातला मासा दिसतो तिथे नसतो, त्याच्या खाली असतो. दिसतो त्यावर बाण मारशील तर उपाशी मरशील. सातव्या वर्षापासून धाकूचा हात आपोआप खाली उतरे. विचार करावा लागत नसे, जसा घास तोंडात घालताना करावा लागत नाही.

मग त्रेपन्न सालच्या दिवाळीनंतर गुरुदत्त मास्तर उघाडीवर आले. ठाण्यातल्या एका तालमीत मुलांना मल्लखांब शिकवणारा सरळ माणूस. धाकूने दोन बाणांत दोन मासे उचललेले पाहिले आणि मास्तर खाली चिखलातच बसले.

"धाकू, विलायतेकडे याची स्पर्धा होते. देशोदेशीचे तिरंदाज येतात. आपल्याकडचा कोणी जात नाही."

"मंग तिथं पन खाडी आसंल."

"जगाची स्पर्धा जमिनीवर असते रे."

"जमिनीवर कुठला मासा?"

मास्तर हसले, धाकूही हसला. पण त्या हसण्यातच काहीतरी रुतलं.

तालमीच्या मागे मास्तरांनी पेंढा भरलेलं गोणपाट उभं केलं, त्यावर गेरूची वर्तुळं काढली, तीस मीटर टेपने मोजले. धाकूने सहा बाण मारले. सहाही एका मुठीत मावतील असे, आणि सहाही मधल्या ठिपक्याच्या वीतभर खाली.

"खाली मारलास."

"जागेवर मारला, मास्तर. ठिपका वर दिसतोय, तो आसंल खाली."

"अरे, मध्ये पाणी नाहीये."

पाणी नाही, हे धाकूला कळत होतं. हाताला कळत नव्हतं. मग दर रविवारी तो बाळकुमाहून चालत ठाण्यात जाऊ लागला. मास्तर मागे उभे राहून एकच सांगत, "दिसतं तिथेच मार." मास्तरांनी परदेशात पत्र धाडलं होतं, उत्तर आलं की नाव जाणार होतं. मिठागरावर फावडं ओढतानाही धाकू पुटपुटे: दिसतं तिथेच. तुळसा म्हणे, "कुनाशी बोलता?" चैत्रात कधीतरी बाण ठिपक्यात बसू लागले. मास्तरांनी त्याला मिठी मारली होती, आणि त्या दिवशी घरी येताना धाकू वाटभर शीळ घालत होता.

आणि आज वैशाखात, बापाच्या डबक्यात, पाच बाण माशाच्या वरून गेले होते.

"येतायत बघा तुमचे विलायतवाले," तुळसा म्हणाली.

बांधावरून मास्तर येत होते. त्यांनी चपला काढून बाजूला ठेवल्या, खिशातून घडी घालून घालून मऊ पडलेला कागद काढला, आणि उभ्यानेच सांगितलं. एकट्या माणसाचं नाव घेत नाहीत. त्याच्या देशाची संघटना लागते, तिनेच नाव पाठवायचं. या खेळाची संघटना आपल्या देशात नाही.

"मंग काढा संघटना," धाकू म्हणाला.

"मी एक तालीममास्तर, धाकू. चार ठिकाणी जाऊन आलो. ऐकतात, चहा पाजतात आणि विचारतात, हा काय खेळ आहे का?"

तुळसाने टोपली उपडी केली आणि तिच्यावर बसली. धाकू कागदाच्या घड्यांकडे पाहत होता. चार ठिकाणी फिरून आलेला कागद.

"कवा आला ह्यो?"

"माघात."

धाकूने बोटं दुमडली. माघ, फाल्गुन, चैत्र, वैशाख. घाई न करता, पुन्हा एकदा.

"माघात मी दोन जिताडे मारले व्हते, तुलसे?"

"तीन. एक मास्तरांच्याच घरी दिलावता."

"म्हंजे तवा हात व्हता माजा." धाकूने कामठा दगडावर आडवा ठेवला. आवाज चढला नाही. "मास्तर, म्होरं कायच नाय, हे तुमाना ठावं व्हतं. मंग चैतापावत माज्या मागं उभं राहून 'दिसतं तिथंच मार' कशाला सांगत व्हतात?"

मास्तरांनी कागदाची घडी घातली, आणखी एक घातली, खिशात ठेवला. वाकून चपला उचलल्या, आणि पायात न घालता हातातच घेऊन बांधावरून चालू लागले.