कन्या राशीवरची चटई

केफर दिक्लात शपिराला लांबूनही ओळखता यायचं. गावातली बाकी माणसं समोर बघून चालत, ही खाली बघून. रस्त्यात चांगल्या रंगाचा दगड दिसला की वाकलीच. तिच्या ओढणीच्या टोकाला कायम दोनचार खडे बांधलेले असत आणि मसूर निवडताना ती नकळत त्यांच्या रंगांप्रमाणे रांगा लावी. नवरा जिवंत होता तोवर म्हणायचा, "बाई, ते शिजवायचे आहेत, जमिनीत बसवायचे नाहीत."

कामच तिचं ते. आम्हा यहुद्यांच्या प्रार्थनाघराची जमीन रंगीत खड्यांच्या चित्रांची; तिच्यातले निखळलेले खडे दर वर्षी वल्हांडण सणाच्या आधी पुन्हा बसवायचे. बाईमाणसानं छिन्नी धरावी का यावर गावात एकदा वाद झाला होता, पण वाद घालणाऱ्यांपैकी कुणालाच चुना नीट मळता येईना, तेव्हा तो आपोआप मिटला. आणि खरं सांगायचं तर तिच्यासारखा हात जॉर्डन नदीच्या या काठावर दुसरा नव्हता. तिनं भरलेली जागा कुठली आणि मूळची कुठली, हे पैज लावूनही कुणाला ओळखता यायचं नाही. तिच्या कामावरून बोट फिरवलं तर नखसुद्धा अडकत नसे.

ती जमीन मुळात घडवली तिच्या बापानं, युदाननं. सात फांद्यांची समई, शास्त्राच्या गुंडाळ्यांचं कपाट, मधोमध चार घोड्यांच्या रथातला सूर्य आणि त्याच्याभोवती बारा राशी, प्रत्येकीशेजारी शास्त्राच्या पवित्र भाषेत तिचं नाव. शपिरा तेव्हा नऊ वर्षांची होती. कन्या राशीपाशी आल्यावर युदाननं तिला उन्हात उभं केलं, हातात गव्हाच्या चार ओंब्या दिल्या आणि म्हणाला, "हलायचं नाही. नाकावर माशी बसली तरी नाही." तिचे कान जरा बाहेर आलेले होते आणि एक भुवई दुसरीपेक्षा वर. शेजारणी म्हणाल्या, "अरे, देवाच्या घरात तरी पोरीचे कान सरळ कर." त्यानं केले नाहीत. डोळ्यांसाठी हिरव्या काचेचे तुकडे बसवले, त्यात एकेक तुकडा पांढरा. पुढच्याच हिवाळ्यात तापानं तो गेला. ज्यांनी जमिनीसाठी देणगी दिली त्यांची नावं दारापाशी 'चांगली आठवण राहो' म्हणून खड्यांत लिहिलेली होती. करणाऱ्याचं नाव नव्हतं.

पण शपिराला नाव नको होतं. बापाला आपण कशा दिसत होतो ते तिथं होतं. त्या चेहऱ्याकडे बघितलं की तिला समोर उकिडवा बसलेला बाप दिसे, डोळे बारीक केलेला, मिशीत चुना. पन्नास वर्षं ती हातातलं काम संपवून शेवटी कन्येवरचं तेल-मेण पुसायची आणि मगच घरी जायची. बायका चिडवत, "काय गं, कान वाढले का तिचे?" ती म्हणे, "माझे वाढले. तिचे आहेत तसेच आहेत."

आता आमच्यात एक नेम आहे. चेहरा असलेल्या चित्रावर चालावं, बसावं, पण देवापुढे पालथं पडून कपाळ टेकायचं ते त्याच्यावर नाही. म्हणून पावसानं ओढ दिली आणि सामुदायिक उपास पडला, की सकाळी राखणदार हलफू खजुरीच्या पात्यांच्या चटया आणून अशा चित्रांवर अंथरायचा. हलफू शपिराच्याच वयाचा, लहानपणी तिच्याबरोबर चोरून खजूर खाल्लेला. दिवे लावणं, कपाट उघडणं, शुक्रवारी शब्बाथचा, कामबंदीचा दिवस लागताना गच्चीवर चढून शिंग फुंकणं ही त्याची कामं. अनवाणी फिरून फिरून त्याच्या टाचा त्या जमिनीसारख्याच झाल्या होत्या.

त्या वर्षी पाऊस नव्हता. नवे धर्मगुरू रब्बी तनखूम तिबेरियासहून नुकतेच गावाला लाभले होते. मोठे विद्वान, उपासानं वाळलेले, मनानं लहान मुलासारखे सरळ. दुसऱ्या उपासाला ते रडत रडत खाली पडले, चटई सरकली, आणि डोळे उघडून बघतात तो त्यांचं कपाळ थेट कन्येच्या नाकावर टेकलेलं.

बिचारे तीन दिवस जेवले नाहीत. चौथ्या दिवशी त्यांनी पंचांना बोलावलं. म्हणाले, "चूक चटईची नाही, माझी. पण माझ्यानंतरही कुणाची तरी होईल. काळही बदललाय, इतर गावांनी चित्रं काढून टाकली. आपणही निदान चेहरे उखडून टाकू." पंच माना डोलावून मोकळे झाले. यरीहोहून कुदळवाला पाथरवट आणायचं ठरलं.

हे हलफूनं येऊन सांगितलं तेव्हा शपिरा पीठ मळत होती. तिनं हात थांबवला नाही.

"कधी येणार तो?"

"रविवारी."

"कुदळ घेऊन?"

"मग काय, चमचा घेऊन येईल?"

त्यावर तिनं पीठ तसंच टाकलं आणि हात न धुता रब्बींच्या दारात जाऊन उभी राहिली.

"रब्बी, कुदळ चेहऱ्यावर पडेल तशी शेजारच्या अक्षरांवरही पडेल. पवित्र भाषेची अक्षरं फुटली तर ते कुणाच्या माथी?"

रब्बींचा चेहरा उतरला. हा विचार त्यांच्या डोक्यात आलाच नव्हता. "मग काय करावं, बाई?"

"मी काढते. अक्षराचा एक खडा हलला तर माझे हात तोडा."

"तुमच्या वडलांचं काम ना ते?" रब्बी म्हणाले. "तुम्हाला जमेल?"

"दुसऱ्या कुणाला जमणार नाही."

"फक्त एक," रब्बी हळूच म्हणाले. "ते चेहरे पुन्हा कुणाच्या नजरेला पडता कामा नयेत."

"पडणार नाहीत," शपिरा म्हणाली.

धूळ उडते म्हणून तिनं चारी बाजूंनी पडदे बांधले आणि कामाला बसली. एकेक खडा छिन्नीच्या टोकानं सैल करायचा, उचलायचा, टोपलीत टाकायचा. सिंह गेला, जुळे भाऊ गेले, सूर्य गेला. बापानं कुठे घाई केली होती, कुठे जेवून आल्यावर सुरुवात केली होती, ते तिला खालच्या चुन्यावरून कळत होतं. त्याच्या बोटाचा ठसा दोन ठिकाणी सापडला. ती रडली, आणि रडत रडत काम करत राहिली, कारण चुना वाळायचा थांबत नाही. रिकाम्या जागी पांढरे खडे माशाच्या खवल्यांसारखे बसवत गेली. अक्षर एक हललं नाही. असं काम मी तरी दुसरीकडे बघितलेलं नाही.

कन्या तिनं शेवटी ठेवली होती. पाव दिवस ती नुसती समोर बसली. मग उठून घरी गेली, जुनी धुवट ओढणी आणली, कन्येच्या चेहऱ्यावर मऊ राख पसरली, तिच्यावर ओढणी नीट अंथरली, आईनं झोपलेल्या मुलावर घालावी तशी. त्यावर चुन्याचा पातळ हात आणि पांढरे खडे, प्रत्येक मधून चिरून अर्धा केलेला. राख अशासाठी की चुन्यानं खालच्या काचेला धरू नये.

तरी जागा थोडी वर आलीच. खाली खणायचं तर चेहरा जाणार, वर यापेक्षा पातळ करता येईना. तिनं कडा घासून घासून उतार दिला. डोळ्याला काही दिसत नव्हतं. पण तिला ठाऊक होतं. आयुष्यात पहिल्यांदा तिनं उंचवटा असलेली जमीन सोडली होती.

पडदे काढले तेव्हा अख्खा गाव लोटला. रब्बी तनखूम अक्षरांवर वाकून वाकून बघत होते, त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. हलफू दिव्यात तेल घालत अनवाणी फिरत होता. कन्येच्या जागेवर त्याचं पाऊल पडलं आणि थांबलं. मागे सरलं, पुन्हा पुढे आलं. हलफू म्हणजे नेमाचा पक्का. शब्बाथला स्वतःच्या सुनेनं चूल फुंकलेली त्यानं चारचौघांत सांगितली होती. हा आता तोंड उघडणार, कुदळवाला येणार.

हलफूनं तिच्याकडे बघितलं.

"काय गं, हात थरथरायला लागला वाटतं तुझा."

"वय झालं," ती म्हणाली.

"झालंच," म्हणून तो पुढच्या दिव्याकडे गेला.

ती महिनाभर नीट झोपली नाही. हलफू सांगेल ही भीती होतीच, पण त्याहून वाईट दुसरं होतं. पुन्हा उपास पडेल, आता चटया नाहीत, आणि कुणीतरी भलं माणूस न कळत त्या चेहऱ्यावर कपाळ टेकेल. बापाचं काम वाचवायला आपण लोकांना पापात घालतो आहोत का? दोनदा ती छिन्नी घेऊन दारापर्यंत गेली आणि परत आली.

पाऊस आलाच नाही. तिसरा उपास पुकारला. शपिरा सकाळी सर्वांच्या आधी निघाली, छिन्नी ओढणीत बांधून. आज काढून टाकायचं, मग जे व्हायचं ते होवो.

दार उघडंच होतं. आत हलफू काखेत एक चटई घेऊन उभा होता. एकच. बाकीच्या त्यानं महिन्यापूर्वीच शेळ्यांच्या गोठ्यात टाकल्या होत्या. त्यानं पायानं चाचपून जागा शोधली, चटई अंथरली, आणि या खेपेला ती सरकू नये म्हणून चारी कोपऱ्यांवर दगडी दिवे ठेवले.

मागून रब्बी तनखूम आले. "हलफू, आता चेहरे राहिले नाहीत. चटई कशाला?"

"इथं जमीन गार लागते, रब्बी," हलफू म्हणाला. "गुडघे धरतात. मी आहे तोवर ही इथं राहील. माझ्यामागं मुलगा अंथरेल, त्याला सांगून ठेवलंय."

रब्बींनी मान हलवली आणि ते पुढे गेले.

शपिरा भिंतीला टेकून खाली बसली. ओढणीची गाठ तिनं सोडलीच नाही. हलफू शेजारून जाताना न थांबता म्हणाला, "कान तेवढे झाकले गेले का बघ. लहान चटई आहे."