अपघात झाल्यास सोसायटी जबाबदार नाही

नाशिक रोडच्या आमच्या सोसायटीत पोहण्याचा छोटा तलाव आहे. त्याच्या काठावर एक पाटी होती आणि तिच्यावरचा मजकूर माझा होता. 'पोहणाऱ्याने स्वतःच्या जबाबदारीवर पोहावे. अपघात झाल्यास सोसायटी जबाबदार राहणार नाही.' मी सेक्रेटरी. उभं आयुष्य सरकारी कचेरीत कारकुनी केलेली, त्यामुळे असली वाक्यं मला झोपेतही सुचतात. पाटी लावली त्या दिवशी मी ती चारदा जाऊन वाचून आलो.

मला स्वतःला पोहता येत नाही, हे मात्र मी कुणाला सांगितलं नव्हतं. पुरुषांच्या वेळेत मी काठावर शिट्टी घेऊन बसायचो आणि सगळ्यांना नियम ऐकवायचो.

यंदा उन्हाळ्यासाठी तलाव भरला तेव्हा रीतीप्रमाणे पूजा केली. नारळ फोडायला दगड सापडेना, म्हणून तो मी तलावाच्या काठावरच आपटला. नारळ फुटला, सोबत फरशीचा कोपराही उडाला. मी खोबरं वाटलं आणि फुटक्या जागेवर गुपचूप एक पायपुसणं टाकलं. म्हटलं, बघू सावकाश.

सकाळी सात ते आठ बायकांची वेळ. तिसऱ्या मजल्यावरच्या मावशी तिथल्या राणी. वय पासष्ट, माहेर निफाडकडचं, पोहायला शिकल्या त्या मळ्यातल्या विहिरीत, पाठीला सुका भोपळा बांधून. नुसते पाय बुडवून बसणाऱ्या बायका त्यांच्यामुळे सपासप हात मारू लागल्या. त्यांच्या हसण्याने अख्खी इमारत जागी व्हायची. मी खिडकीतून "आवाज कमी!" असं ओरडायचो, पण खरं सांगतो, मला तो आवाज फार आवडायचा.

एका सकाळी ते पायपुसणं सटकलं आणि मावशी पडल्या. मनगट मोडलं.

दोन दिवसांनी कमिटीची बैठक भरली. अध्यक्ष म्हणाले, "पाटी आहेच, त्यामुळे आपली जबाबदारी नाही. पण ही कटकट नको. आजपासून तलावाला कुलूप." मावशी प्लास्टरमधला हात गळ्यात अडकवून बसल्या होत्या. हाताबद्दल चकार शब्द नाही. आपल्यापायी सगळ्या बायकांचं पोहणं बंद होणार, म्हणून त्यांचा चेहरा उतरला होता.

तेवढ्यात तळमजल्यावरची वकील मुलगी म्हणाली, "काका, पाटी लावली की जबाबदारी संपली, असं नसतं. धोका माहीत असून दुरुस्त केला नसेल, तर तो आपला निष्काळजीपणा. मावशींची काय चूक? ते पायपुसणं तिथे कुणी टाकलं होतं?"

चोराच्या मनात चांदणं. इतिवृत्त लिहिणारा माझा हात थांबला. गप्प बसलो असतो तर कुणाला पत्ताही लागला नसता, फक्त तलावाला कुलूप लागलं असतं आणि दोष मावशींच्या वयावर गेला असता. मला माझीच लाज वाटली. मी उभा राहिलो आणि नारळापासून सगळं सांगून टाकलं.

मग मावशीच फिस्सकन हसल्या. "भाऊ, मला ठावं व्हतं की! त्या नारळाचं खोबरं पयलं मीच खाल्लं. रोज ती जागा टाळून चालायची, त्या दिशी गप्पांच्या नादात इसरले. म्हटलं, बघू, हा माणूस कवा बोलतो."

"मावशी, तक्रार करायची का?" वकील मुलीने विचारलं.

"तक्रार नाय न् काय नाय. फरशी नीट करा, बायांची वेळ चालू ठेवा. आन भाऊ, तुमी पाण्यात उतरायचं. काठाला बसून लय नियम सांगता. पाण्याला भिता, ते बी ठावं हाय मला."

अध्यक्षांसकट सगळे खो-खो हसले. कुलपाचा विषय तिथेच बारगळला. फरशी दुसऱ्याच दिवशी बसली, दवाखान्याचा खर्च सोसायटीने उचलला आणि पाटी मी स्वतः उतरवली.

रविवारी मी पाण्याच्या पायरीवर उभा होतो. पाठीला मावशींच्या माहेरून आलेला भोपळा, आणि गॅलऱ्यांत झाडून सगळी सोसायटी. मावशी माझ्या खुर्चीवर, माझी शिट्टी गळ्यात घालून. पायरीचा लोखंडी दांडा मी दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवला होता.

"मावशी, बुडालो तर?"

"सोडा तो दांडा, भाऊ. जबाबदारी माझी."

इतकी वर्षं कागद काळे केले, पण हे वाक्य मी कधीच लिहिलं नव्हतं. मी दांडा सोडला.