बारा उसन्या कांड्या

सन दोन हजार सात. फाल्गुन महिना, होळीला आठ दिवस बाकी. सकाळी अंगावर पंचा घ्यावा लागे आणि दुपारी काढून ठेवावा लागे, अशी हवा. आमच्या जिल्ह्याचे दोन तुकडे होऊन आठ वर्षं होत आली होती. एवढं नेमकं कसं आठवतं म्हणता? ज्या दिवशी नाक कापलं जातं, तो दिवस माणसाला शोधावा लागत नाही.

बसा. चहा घ्या. हसू आलं तर हसा, मी थांबवणार नाही. मी चौथीपर्यंत शिकलो, पण खोटं बोललो नाही. एकदाच बोललो. तेच सांगतो.

आंधळगावात आमची विणकरांची गल्ली. सोसायटी सूत देते, आम्ही लुगडं विणून देतो, त्याची मजुरी घेतो. मजुरी फार वर्षांत वाढली नव्हती. गल्लीनं कटकट केली तेव्हा सोसायटी म्हणाली, एका लुगड्याला किती माणसांचे किती तास लागतात ते आधी मोजून घेऊ, मग तशी मजुरी बांधू.

मोजायला नागपूरच्या इंजिनिअरिंग कॉलेजातली एक पोरगी आली. प्रज्ञा नाव. कारखान्यात माणूस यंत्रावर कसं काम करतो, किती वेळात करतो, याचाच तिचा अभ्यास. गळ्यात घड्याळ, हातात पाटी, पाटीवर छापील कागद.

मोजायचं कोणाला? गल्लीनं एकमतानं माझं नाव सांगितलं. माझा हात साफ. हे मी म्हणत नाही, गल्ली म्हणते. म्हणजे माझ्या मागावर जे निघेल, ते साऱ्या गल्लीच्या पोटाला लागू! आता एवढी जोखीम डोक्यावर असताना शहाणा माणूस काय करील? तोंड सांभाळील. मी छाती फुगवली.

पोरगी मागाजवळ वेताच्या मोढ्यावर बसली.

"काका, या कामाला माणसं किती?"

"एक."

"एकच?"

"मी दिसून नाही राहिलो काय तुले?"

आतल्या खोलीत सूत भरायचा रहाट फिरत होता. आमची घरची, म्हणजे बायको, कांड्या भरत होती. कांडी म्हणजे मागावर इकडून तिकडे धावणाऱ्या धोट्यात बसते ती सुताची नळी. ती संपली की दुसरी घालायची. दिवसभर घालतच राहायची.

"आणि आत काकू काय करतात?"

"ते घरचं काम हाय."

"त्यांचं नाव लिहू का?"

"काही गरज नाही."

आमच्यात नवरा बायकोचं नाव घेत नाही. लग्नात घेतलं, तेवढंच. पुढची तीस वर्षं मी तिला 'ऐकली काय' म्हणत आलो. आणि ती ऐकत आली.

त्या वेळीही ऐकलं. रहाट थांबला. मग पुन्हा सुरू झाला.

पोरीनं कागदावर 'एक' लिहिलं आणि म्हणाली, "मग काका, उद्यापासून तीन दिवस तुम्ही एकटेच करा. काकूंचा हात लागला तर माझं मोजमाप चुकेल."

"कायले लागते तिचा हात!"

संध्याकाळी घरची समोर उभी, हातात भरलेली पिशवी.

"मी कारध्याले जाऊन राहिली. बहिणीकडे."

"काहून?"

"इथं माझं काम नाही म्हणते ना ते पोरगी."

"जा."

बघा, एका शब्दात मोकळा झालो! भाकरी ती करून गेली होती, म्हणून एका शब्दात.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मागावर बसलो. खिडकीत अर्धी गल्ली. पोरीनं घड्याळ दाबलं आणि मी असा सुटलो, की धोटा डोळ्याला दिसेना.

"काका, रोजच्यासारखं करा. घाई नको."

"हे रोजचंच हाय."

खिडकीतून कोणी तरी म्हणालं, "बाप्पा! दादाजीच्या मागाले मोटार लावली काय?"

मला वाटलं, कौतुक चाललं आहे.

आता ऐका. माझ्या डाव्या हाताला एक टोपली असते. धोटा रिकामा झाला की मी न पाहता डावा हात टाकतो आणि भरलेली कांडी हाताला लागते. तीस वर्षं अशीच लागत आली. त्या दिवशी अकराच्या सुमाराला हात टाकला आणि बोटांना टोपलीचा बांबू लागला.

पुन्हा टाकला. बांबूच.

मी टोपलीत पाहिलं. तीस वर्षांत पहिल्यांदा पाहिलं.

"पाणी पिऊन येतो," म्हणून आत गेलो आणि रहाटाजवळ बसलो. लहानपणी आईजवळ बसून भरल्या असतील चार-दोन कांड्या. त्यात आहे काय एवढं? रहाट फिरवला. सूत तुटलं. जोडलं, फिरवलं, तुटलं. हळू फिरवला तर कांडीला एका टोकाला कांद्याएवढी गाठ आली.

वर पाहतो तर पोरगी दारात उभी. घड्याळ चालू.

"काका, हे कोणतं काम?"

"काम नाही. हात मोकळा करून राहिलो."

"वेळ लिहू का याचा?"

"लिहू नको."

"लिहावाच लागतो काका."

तो कांदा मी धोट्यात घातला. धोटा अर्ध्या वाटेत अडकला, आणि वरून विण ठोकणारी फणी आली. ताण्याचे, म्हणजे उभे, किती धागे तुटले असतील? मोजले नाहीत. डोळ्यांना दिसतच नव्हते. तुटके धागे सांधायचं कामही आजवर कोण करत होतं, हे मला त्या वेळी आठवलं. चष्मा लावून एक एक धागा पकडत बसलो. खिडकीतली गर्दी वाढली होती. सोसायटीचा सेक्रेटरीही येऊन उभा राहिला होता.

मी म्हणालो, "जरा मागं जाऊन येतो." आणि मागच्या दारानं तुळसाबाईकडे गेलो.

ही तुळसाबाई आमच्या पाठीमागच्या घरातली. नवरा गेल्यावर ती स्वतः मागावर बसली. कांडीही तीच भरे, लुगडंही तीच विणे. बाईनं मागावर बसणं मला पटत नव्हतं, आणि हे मी तिच्या तोंडावर सांगितलं होतं. दोनदा.

ती माग थांबवून माझ्याकडे पाहत राहिली.

"काय जी भाऊजी, आज मागच्या दारानं?"

"थोड्या कांड्या पाहिजे होत्या."

"तुमचं त एकट्याचं काम हाय म्हणते!"

मी तिच्या टोपलीकडे पाहिलं.

"एकट्याची मजुरी बांधली त काय होईल, समजते काय तुमाले? घरोघरी दोघं राबतील आन मोल एकाचं लागंल. होळी जवळ आली. गल्लीले बोंब मारायले तुमचंच नाव पुरते."

"द्याच्या हायत काय नाही?"

"देते. बारा देते. उसन्या. वापस पाहिजे. आन वैनीनं भरलेल्या चालणार नाही. तुमच्या हातच्या पाहिजे."

घेतल्या. पंच्यात गुंडाळून बगलेत दाबल्या आणि ताठ मानेनं परत आलो. मान ताठ होती, म्हणून उंबरठा दिसला नाही.

पंचा सुटला. बारा कांड्या घरभर! एक तर सरळ पोरीच्या चपलेपाशी जाऊन थांबली.

तिनं ती उचलली. घड्याळ दाबून बंद केलं.

"काका, या कोणी भरल्या?"

"तुळसाबाईनं."

"आणि रोज कोण भरतं?"

"घरची."

"असं नाही लिहिता येत काका. इथं काम करणाऱ्याचं नाव लागतं."

सेक्रेटरीकडे पाहिलं. तो छताकडे पाहत होता. खिडकीतून एक म्हातारी ओरडली, "घ्या ना जी नाव! लग्नात घेतलं होतं तसं घ्या!"

"मंडप टाकू काय?" दुसरा.

गल्लीच्या मजुरीचा कागद त्या पोरीच्या मांडीवर, आणि माझी जीभ टाळूला.

"गिरजाबाई," मी म्हणालो.

काय हसली गल्ली! होळीलाही एवढी बोंब ऐकली नाही मी. पोरीनं मात्र तोंड खाली घालून 'एक' खोडलं आणि 'दोन' लिहिलं. म्हणाली, आजचा दिवस वाया गेला, उद्यापासून पुन्हा मोजावं लागेल, दोघांनाही.

दुपारच्या मोटारीनं कारध्याला गेलो. गिरजा बहिणीच्या ओट्यावर लाखोळीची डाळ पाखडत बसली होती. मला पाहून सूप थांबवलं नाही.

"काय झालं? मले त मोजत नव्हते."

"आता मोजतात. चल."

"कोण मोजते?"

"ते पोरगी."

"आन तुमी?"

या प्रश्नाला उत्तर द्यायला हवं होतं. मेहुणीसमोर, तिच्या पोराबाळांसमोर, तिथंच. मी म्हणालो, "मोटार निघून जाईल." आजही गाडीत, शेतात, कुठंही रिकामा बसलो की ते उत्तर तोंडात येतं. तेव्हा नाही आलं.

ती पिशवी घेऊन उठली.

पुढचे तीन दिवस पोरगी कधी मागाजवळ बसली, कधी रहाटाजवळ. निघताना मी विचारलं, काय निघालं?

ती जरा अवघडली. "काका, राग नका मानू. काकूंचा वेळ तुमच्यापेक्षा जास्त निघाला."

सोसायटीनं मजुरी दोन माणसांची धरून बांधली. गल्लीनं मला काही म्हटलं नाही. फक्त तेव्हापासून कोणी मला एकटं रस्त्यात पाहिलं की विचारतं, "दादाजी, आज एकटेच?"

राहिल्या बारा कांड्या. रोज संध्याकाळी रहाटाजवळ बसू लागलो. गिरजा बाजूला बसून पाही. भरून दिली की अंगठ्यानं दाबून बघे आणि सूत उकलून परत देई.

"हे भरली नाही. हे गुंडाळली."

पुन्हा भरायची. माझ्या हाताखाली कोणी शिकलं असतं तर मी एवढा धीर धरला नसता. एखाद दिवशी दोन पास होत, एखाद दिवशी एकही नाही.

होळी झाली. धुळवडीचा रंग भिंतींवर अजून ओला दिसत होता, तेव्हा बारावी कांडी तिनं टोपलीत टाकली.

मी पंच्यात बांधल्या आणि या वेळी पुढच्या दारानं गेलो. तुळसाबाई मागावर होती. तिनं एक कांडी उचलली, धोट्यात घातली, दोरी ओढली. धोटा गेला. परत आला.

तिनं बाकीच्या अकरा आपल्या टोपलीत ठेवल्या.