कोपऱ्यातल्या गुलाबाची गाठ

ही गोष्ट माझ्या तोंडून अजून कुणी ऐकलेली नाही. होस्टेलवर एकदा मैत्रिणीला सांगायला बसले होते, पण तिनं चहाचा कप पुढं केला आणि मी तो पीत राहिले. तुम्हाला का सांगते आहे? नीट माहीत नाही. गप्प राहून दमले आहे, एवढंच.

भोंगवलीत आमच्या घरामागं तात्यांचा गुलाब होता. तात्या म्हणजे माझे थोरले चुलते. ते आणि काकी पहाटे फुलं तोडायचे, मग टेम्पो यायचा. घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच, त्यामुळे पानावर डाग पडला तरी तात्या मला फोन करायचे. मला ते आवडायचं — खोटं कशाला बोलू?

दुसऱ्या वर्षाला मॅडमनी आम्हाला ॲग्रोबॅक्टेरियम शिकवला. मातीत राहणारा जंतू. झाडाला जखम झाली की आत शिरतो आणि आपल्या जनुकांचा एक तुकडा झाडाच्या जनुकांत सोडून देतो. मग झाड आपलं आपणच त्याच्यासाठी गाठ पोसत बसतं. शास्त्रज्ञांनी त्यातला गाठ करणारा भाग काढला आणि तिथं आपल्याला हवं ते जनुक ठेवलं. आता तोच जंतू नवी वाणं तयार करायला हमालासारखा राबतो. जो रोग, तेच हत्यार — मला ते इतकं आवडलं होतं, की वर्गात मी पहिल्यांदा हात वर करून प्रश्न विचारला.

गणपतीला घरी आले, तर तात्यांनी मला मागं नेलं. घराकडच्या कोपऱ्यात एका झाडाची बुडाजवळची माती त्यांनी बाजूला केली.

"ह्ये बग. आवाळू आल्यागत झालंय. उपटून टाकू का?"

पुस्तकातलं चित्र आमच्या मातीत उगवलं होतं. उपटा, जाळून टाका, त्या झाडाला लावलेलं हत्यार दुसऱ्याला लावू नका — हे सगळं मला ठाऊक होतं. पण माझा प्रकल्प दिवाळीनंतर होता, आणि मला ताजी, वाढती गाठ हवी होती.

"राहू द्या तात्या," मी म्हणाले. "त्यानं काय होत न्हाई."

इथंच थांबलं असतं, तर कदाचित मी हे लिहिलं नसतं.

आमच्याकडं लावणीच्या वेळी जिथं नारळ फोडला, तिथूनच दरवर्षी छाटणी सुरू करायची रीत आहे. तो नारळ याच कोपऱ्यात फुटला होता. दसऱ्याच्या सुट्टीत तात्यांनी छाटणीची कात्री माझ्या हातात दिली. "औंदा पयली फांदी आमची कॉलेजवाली कापनार."

काकी दारातून म्हणाली, "बोटं संबाळ गं. कॉलेजात मोजून घेत्याल."

सगळे हसले. मीही हसले. आजारी झाडाची फांदी कापली. मग वाकून — कुणी सांगितलं होतं मला? — त्याच कात्रीनं गाठीचा एक काप काढून आतून कशी दिसते ते पाहिलं. कात्री ओढणीला पुसली आणि तात्यांच्या हातात दिली. ते पुढच्या झाडाकडं गेले. मग त्याच्या पुढच्या. मी बांधावर उभी राहून कात्रीचा आवाज ऐकत होते. थांबा म्हणायला किती वेळ लागतो?

दिवाळीनंतर ती गाठ मी डब्यातून कॉलेजात नेली. जंतू निघाला. गाजराच्या चकत्यांवर सोडला, तर त्यांवरही गाठी आल्या. मॅडमनी सगळ्यांसमोर माझं नाव घेतलं. त्या चकत्यांचा फोटो तात्या नसरापूरच्या बाजारात ज्याला त्याला मोबाईलवर दाखवायचे. "आमच्या पोरीनं केलंय."

उन्हाळ्यापर्यंत ओळीच्या ओळी गाठाळल्या. कुठं बुडाला, कुठं कापलेल्या फांदीच्या टोकाला. फुलं बारकी झाली, मग येईनातच. शेवटी बाग उपटावी लागली. त्या दिवशी मी घरीच होते. घराच्या मोरीचं पाणी वाया जाऊ नये म्हणून काकीनं चर काढून ते त्याच कोपऱ्यात सोडलं होतं. तात्या तिथं उभे राहून म्हणाले, "हितनंच लागन झाली. हिच्या खरकट्या पान्यानं गुलाब खाल्ला."

काकी भांडी घेऊन मोरीवर गेली. दुपारी मी एकटी असताना आली. भांडी घासून हात ओलेच होते.

"खरं सांग पोरी, माज्या पान्यानं झालं का गं? तू सांगशील ते मी मानीन."

मी तिच्याकडं पाहिलं नाही. पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरत म्हणाले, "असंल, काकी."

सांगायचं होतं ते हेच. इतका वेळ मी याच्याभोवती फिरत होते. गाठ ठेवली ते हावरेपणानं, कात्री दिली ते भित्रेपणानं. पण 'असंल' म्हणाले, तेव्हा मला कुणी घाई केली नव्हती. खरं काय ते घरात फक्त मला माहीत होतं, आणि ते तिनं माझ्याकडंच मागितलं होतं.

तिथं परत गुलाब लावू नका, ज्वारी घ्या, असं मी तात्यांना सांगितलं. तेवढं खरं सांगितलं. त्यावर ते म्हणाले, "बगा, शिकल्याचा उपेग हाय."

चर काकीनं स्वतःच बुजवला. आता ती मोरीखाली बादली ठेवते आणि भरली की रस्ता ओलांडून पलीकडं ओढ्याच्या काठावर ओतून येते. ज्वारीला त्या पाण्यानं काहीही होणार नाही, गुलाबालाही झालं नव्हतं. गेल्या खेपेला मी बादली घ्यायला पुढं झाले.

"ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "माजं मी टाकते. पुन्हा कुनाचं काय वाईट नको व्हायला."

मी बाजूला झाले. ती रस्ता ओलांडून गेली, रिकामी बादली घेऊन परत आली, आणि मोरीखाली ठेवली.