बांधीवरची चप्पल

दोष मोठेबाबांचा. म्हणजे माझ्या वडिलांच्या थोरल्या भावाचा. आधीच सांगून टाकतो, कारण आमच्याकडे म्हाताऱ्यांचं चुकलं की पाऊसच वाईट ठरतो! त्यांचे किस्से म्हणजे बांधावरचं गवत. एक उपटावा, तर दुसरा गुडघ्याला लागतो.

*

सत्तरच्या दशकात भंडाऱ्याजवळच्या आमच्या शहापूरकडे युरियाचं नवं वेड. लोक मुठीनं टाकायचे, मोठेबाबा घमेल्यानं. "धान एसटीतून हिरवंगार दिसलं पायजे!"

एका साली धान, म्हणजे भाताचं पीक, कमरेपर्यंत वाढलं आणि दाणा भरायच्या आधीच आडवं झालं. शेजारचे नामदेवकाका बांधावर उभे राहून म्हणाले, "झोपू द्या. एसट्या पाहून पाहून थकलं असंल!"

*

मी भंडाऱ्याचं कॉलेज अर्धवट सोडून घरी आलो, त्या पावसाळ्यात धानाच्या पानांवर डोळ्यांसारखे ठिपके आले. करपा.

"मोठेबाबा, ही बुरशी हाये. युरियानं पान लुसलुशीत होते, तिले आयतं जेवण भेटते. कमी करा."

"कॉलेजातून पळून आला, अन् मले शिकवून राहिला? नजर लागली, नजर!"

लगेच बांधीत, म्हणजे बांध घातलेल्या धानाच्या तुकड्यात, काठी रोवून तिच्यावर जुनी चामडी चप्पल टांगली. मग आठवडाभर पावसाची झड. चपलेवरच पांढरी बुरशी चढली!

"मोठेबाबा, इले कोनाची नजर लागली?"

त्यांनी चप्पल धोतराला पुसली आणि परत टांगली.

*

पुढच्या साली मी भांडून एक बांधी मागितली.

"घे खालची. माह्यापेक्षा चांगलं पिकलं, तर सारी शेती तुह्या मतानं. नाही तर पितळी भांड्याच्या दुकानात कामाले जाजो." दुकानदाराशी बोलूनही आले होते!

उन्हाळ्यात शेणखताचा खड्डा उकरला, तर आत पांढरे धागे.

"खताले कोड फुटलं! टाक तुह्या बांधीत. तुह्यासारखंच वाया गेलं."

मी बैलबंडी भरभरून नेलं. ती बुरशीच शेण कुजवून मातीला खाऊ घालते. सांगितलं नाही. कायले सांगू?

*

वरच्या बांधीचं पाणी खालच्या बांधीत सोडायची आमच्याकडे रीत. मोठेबाबांनी युरिया फेकला आणि बांधाची फट चिखलानं बुजवून टाकली.

"माहा युरिया तुले फुकट? जमनार नाई!"

नामदेवकाकांना माझी काळजी. "बाबू, तुह्या बांधीले पाणी कोठून?"

मी आभाळाकडे बोट दाखवलं. त्या साली पाऊस वेळेवर पडला; आभाळानं तरी म्हाताऱ्यांचं ऐकलं नाही.

*

दिवाळीच्या तोंडावर वरच्या बांध्यांत लोंब्यांच्या माना काळ्या पडल्या, दाणे पोचट. माझं धान बुटकं, फिकट. पण लोंब्या भारानं वाकलेल्या.

एका सकाळी गेलो, तर मोठेबाबा आपल्या बांधीतली काठी उपटून, चपलेसकट, माझ्या बांधीत रोवून राहिले होते.

"मोठेबाबा, हे काहून?"

"चांगल्या पिकालेच नजर लागते, बाबू."

त्या साली त्यांच्या बांध्यांत बियाण्यापुरतंही धान झालं नाही.