मोहरीएवढा मंगळ

गोंदिया वेगळा झाल्यावर आमचा भंडारा जिल्हा अर्धा उरला, पण माझ्या काकाचा कारभार थेट शनीपर्यंत होता. आंधळगावात हातमागावर बसून सूर्यमाला चालवणारा दुसरा विणकर मला तरी माहीत नाही. मी आमच्या घरातली पहिली पदवीधर, हे मी ताठ मानेनं सांगते. पण चौथी शिकलेल्या काकानं माझी विज्ञानाची पुस्तकं माझ्याआधी पाठ केली, हेही सांगायला हवं. मी मागाजवळ बसून मोठ्यानं वाचायचे, तो धोटा फेकत ऐकायचा. मग गावाची खैर नसे. सूर्य उगवला की आमच्याकडे "दिवस निघाला" म्हणतात; तसं कोणी म्हटलं की माग थांबलाच. "दिवस कायले निघते? तो जागेवरच हाय. आपण फिरून त्याच्यापुढं आलो!" ग्रहणात काकू माठात तुळस टाकायची, तर हा ओसरीवर बसून चिवडा खायचा, तोही कुरकुर वाजवत.

लाखांदूरचे पाहुणे मला पाहायला आले, तेव्हा मुलाचे वडील म्हणाले, "पोरगी चांगली हाय, पण पत्रिकेत मंगळ हाय. पोराच्या जीवाले धोका." बाबांनी मान खाली घातली. काका उठला. दाराला तवा टांगला, "हा सूर्य." त्याला सुती दोरा बांधला आणि पाहुण्यांना हाताला धरून गल्लीत चालवलं. चाळीस पावलांवर दोऱ्याला खळीनं तांदळाची कणी चिकटवली, ती पृथ्वी. साठ पावलांवर, हातपंपापाशी, गाठ मारून मोहरी चिकटवली.

"हा तुमचा मंगळ. तिथं गवताची काडी उगवत नाही. साऱ्या दोऱ्यात जीव हाय तो त्या कणीवर. अन् त्या जीवाचं भलंबुरं तुमी या मोहरीले इचारता?"

"तुमी आमाले शिकवून राहिले का?"

"हो ना! पोरीनं मले शिकवलं. आता तुमचा नंबर."

पाहुणे पुढच्याच एसटीनं गेले. आई रडली. काका दोरा गुंडाळत हळूच म्हणाला, "पोरी, तुझं लगन मोडलं का मी?"

"मोडू द्या. मंगळाले भेणाऱ्या घरात मी कायले नांदू?"

पुढे माझं लग्न पत्रिका न पाहताच झालं. काकानं स्वतः विणलेलं कोशाचं रेशमी लुगडं दिलं. त्याच्या पदरात सुती दोऱ्याची एक खरखरीत गाठ हाताला लागली. एका गाठीसाठी वीतभर कापड उसवणारा माणूस हा! विचारलं, तर म्हणाला, "राहू दे. मंगळ हाय तो."

आता काका नाही. सकाळी माझ्याच तोंडून निघून जातं, "दिवस निघाला." मी थोडी थांबते. कोणी टोकत नाही.